क्लिकमागे पैसे : शोधजाहिरात लहान ऑनलाइन दुकानाला परवडते का?

गूगलवर ‘फिल्टर कॉफी पावडर ऑनलाइन’ असे काहीतरी शोधून पाहा. उत्तरांच्या यादीत सगळ्यांत वर काही ओळी ‘प्रायोजित’ अशा छोट्या शिक्क्यासह दिसण्याची शक्यता बरीच आहे. त्या ओळी आपल्या गुणांवर तिथे पोहोचलेल्या नसतात. त्या जागेसाठी कोणीतरी बोली लावलेली असते, आणि तुम्ही त्या ओळीवर क्लिक केले तरच त्याच्या खात्यातून पैसे कापले जातात. नुसती जाहिरात दिसली तर काही द्यावे लागत नाही. या पद्धतीला ‘पे पर क्लिक’ किंवा क्लिकनुसार आकारणी म्हणतात.

वर्तमानपत्रात जाहिरात दिली की ती किती जणांनी वाचली हे कळत नाही, पैसे मात्र आधीच जातात. त्या तुलनेत क्लिकमागे पैसे हा व्यवहार लहान व्यापाऱ्याला फार न्याय्य वाटतो. गिऱ्हाईक दारात आले तरच पैसे, मग तोटा होईलच कसा? या टिपणात आपण याच समजुतीची तपासणी करणार आहोत. त्यासाठी चेन्नईच्या मैलापूर भागातले एक दुकान कल्पू या: दोन-तीन माणसे, भाजून दळलेली कॉफी, स्वतःची साधी वेबसाइट आणि कुरिअरने देशभर माल. दुकान काल्पनिक आहे, त्याचे आकडेही मी हिशेबासाठी धरलेले आहेत. चेन्नई निवडण्याचे कारण मात्र खरे आहे. शोधजाहिरातीतल्या शब्दांवर हक्क कोणाचा, या प्रश्नावरचा भारतातला सुरुवातीचा मोठा खटला याच शहरात, मद्रास उच्च न्यायालयात चालला. त्याकडे आपण पुढे येऊ, कारण आपल्या कॉफीवाल्याच्या हिशेबाशी त्याचा थेट संबंध आहे.

लिलाव कसा चालतो

शोधाच्या यादीतली जागा क्लिकच्या भावाने विकण्याची कल्पना १९९८ मध्ये बिल ग्रॉस यांच्या ‘गोटू डॉट कॉम’ या अमेरिकी कंपनीने बाजारात आणली. जो जास्त बोली लावेल तो वर, इतका तो सरळ मामला होता. गूगलने ऑक्टोबर २००० मध्ये ‘अ‍ॅडवर्ड्स’ सुरू केले तेव्हा आकारणी जाहिरात किती वेळा दिसली यावर होती. फेब्रुवारी २००२ पासून तिथेही क्लिकनुसार लिलाव आला, पण एका महत्त्वाच्या बदलासह: क्रमांक ठरवताना बोलीबरोबर जाहिरातीवर क्लिक होण्याची शक्यताही धरली जाऊ लागली. २०१८ मध्ये अ‍ॅडवर्ड्सचे नाव ‘गूगल अ‍ॅड्स’ झाले, मूळ तत्त्व तेच राहिले.

हे तत्त्व एका उदाहरणातून पाहू. समजा एकाच शब्दासाठी दोघे उभे आहेत. एक मोठी कंपनी क्लिकमागे २० रुपये द्यायला तयार आहे, पण तिची जाहिरात मोघम आहे; तिच्या गुणवत्तेला आपण ०.४ गुण देऊ. आपला कॉफीवाला १२ रुपयांची बोली लावतो, पण शोधलेल्या शब्दांना नेमके उत्तर देणारी जाहिरात आणि थेट त्या मालाचे पान दाखवतो, त्याला ०.८ गुण. आता गुणाकार करा. कंपनीचा ८, कॉफीवाल्याचा ९.६. कमी बोली लावूनही कॉफीवाला वर. आणि त्याला १२ रुपयेही पडत नाहीत. खालच्याच्या ८ ला मागे ठेवण्यापुरते, म्हणजे ८ भागिले ०.८, साधारण १० रुपये पडतात. प्रत्यक्षातले सूत्र यापेक्षा गुंतागुंतीचे आहे. त्यात किमान पात्रतेच्या अटी असतात, शोधणाऱ्याचे ठिकाण असते, वेळ असते. पण सांगाडा हाच.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हे जाता जाता नोंदवून ठेवावे: याला ‘सामान्यीकृत द्वितीय-किंमत लिलाव’ म्हणतात, आणि एडेलमन, ऑस्ट्रोव्स्की व श्वार्ट्झ यांनी २००७ मध्ये दाखवून दिले की या लिलावात आपली खरी किंमत बोलणे हेच नेहमी सर्वांत फायद्याचे ठरते असे नाही. नेहमीच्या द्वितीय-किंमत लिलावाहून हा वेगळा आहे.

लहान व्यापाऱ्याच्या दृष्टीने यात एक चांगली बातमी आहे. पैशाच्या जोरावर मोठा खेळाडू त्याला पूर्णपणे बाहेर काढू शकत नाही. वाईट बातमी अशी की क्लिकचा भाव व्यापाऱ्याच्या हातात नाही. तो त्याच शब्दावर उभ्या असलेल्या इतरांच्या नफ्यावर ठरतो. कांजीवरम साडी विकणारा छोटा दुकानदार जुलैच्या मध्यापासून, म्हणजे तमिळ आडी महिन्यात जाहिरात देऊ लागला, तर त्याला टी. नगरच्या बड्या कापडदुकानांशी बोली लावावी लागते, कारण आडी सवलतीचा हंगाम त्यांचाही तोच असतो.

एका क्लिकची किंमत आपल्याला किती?

आता मुख्य हिशेब. कॉफीवाल्याची सरासरी ऑर्डर ६०० रुपयांची आहे. त्यात माल ३१० रुपयांचा, पॅकिंग २८, कुरिअर ७० आणि पैसे ऑनलाइन घेण्याचे शुल्क १२. उरले १८० रुपये. हे एका ऑर्डरमागचे खरे मार्जिन. यातून अजून जागेचे भाडे आणि पगार जायचे आहेत, ते तूर्त बाजूला ठेवू.

वेबसाइटवर येणाऱ्या १०० जणांपैकी २ जण विकत घेतात असे धरू. म्हणजे एका क्लिकमागे मार्जिन १८० गुणिले ०.०२, अर्थात ३ रुपये ६० पैसे. ही त्याची लक्ष्मणरेषा. क्लिक ३.६० रुपयांपेक्षा महाग पडला की पहिल्या ऑर्डरवर तो तोट्यात. हे सूत्र वहीत लिहून ठेवा: परवडणारा क्लिकचा भाव म्हणजे एका ऑर्डरचे मार्जिन गुणिले खरेदीचे प्रमाण.

समजा क्लिक ८ रुपयांना मिळतो. १०० क्लिकचे ८०० रुपये, ऑर्डर २, मार्जिन ३६० रुपये. तोटा ४४०. पण जाहिरातीच्या खात्यातला अहवाल हे असे दाखवत नाही. तिथे दिसते: खर्च ८००, विक्री १,२००, परतावा दीडपट. ‘दीडपट’ वाचून कोण खूश होणार नाही? विक्री म्हणजे नफा नव्हे हे आपण पहिल्या वर्षाच्या हिशेबशास्त्रात शिकतो आणि रंगीत आलेख पाहिला की विसरतो. या दुकानाला ना नफा ना तोटा व्हायलाही परतावा ६०० भागिले १८०, म्हणजे सुमारे ३.३ पट लागतो. किराणा, खाऊ, पुस्तके अशा कमी मार्जिनच्या मालाला हा आकडा आणखी वर जातो.

कराचाही भाग आहे. जाहिरातीच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो. दुकान नियमित नोंदणीत असेल तर तो इनपुट क्रेडिट म्हणून वळता होतो. नोंदणी नसेल किंवा दुकान कंपोझिशन योजनेत असेल, तर तो खर्चातच जमा. मग ८ रुपयांचा क्लिक ९ रुपये ४४ पैशांना पडला. इंटरनेटवरच्या हिशेबांच्या तक्त्यांत ही ओळ बहुधा नसते, कारण ते तक्ते दुसऱ्या देशांतले असतात.

मग कोणाला परवडते? सूत्राकडेच पाहा. एकतर मार्जिन मोठे हवे, किंवा खरेदीचे प्रमाण मोठे हवे, किंवा तेच गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा यायला हवे. कॉफीवाल्याची बाजू इथे सुधारते. कॉफी महिन्याभरात संपते. नवा ग्राहक सरासरी चार वेळा खरेदी करत असेल, तर एका ग्राहकाचे मार्जिन ७२० आणि परवडणारा क्लिक १४.४० रुपयांचा. आठ रुपयांचा क्लिक एकदम स्वस्त वाटू लागतो. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. क्लिकचे पैसे आज जातात आणि उरलेल्या तीन ऑर्डरींचे मार्जिन पुढच्या काही महिन्यांत येते. मधल्या काळात खेळते भांडवल कोण पुरवणार? आणि दुसरी गोष्ट अधिक चमत्कारिक आहे. तो ग्राहक दुसऱ्यांदा येताना कसा येतो? पुष्कळ लोक पत्ता लक्षात ठेवत नाहीत, दुकानाचे नाव गूगलमध्ये टाइप करतात. त्या नावावरही दुकानाचीच जाहिरात चालू असेल तर तो तिच्यावर क्लिक करतो. म्हणजे एकदा मिळवलेल्या ग्राहकासाठी दुकानदार पुन्हा पैसे मोजतो.

ही ऑर्डर नक्की कोणी आणली?

इथे आपण विषयाच्या गाभ्याशी आलो. क्लिकनंतर ऑर्डर आली याचा अर्थ क्लिकमुळे ऑर्डर आली असा होत नाही. जाहिरात नसती तर तोच माणूस खालच्या फुकटच्या दुव्यावरून आला असता का, हा खरा प्रश्न.

या प्रश्नाचे सर्वांत गाजलेले उत्तर ईबेच्या प्रयोगातून आले. टॉम ब्लेक, ख्रिस नॉस्को आणि स्टीव्हन टाडेलिस यांचा हा अभ्यास २०१५ मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०१२ मध्ये ईबेने याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या शोधयंत्रांवर स्वतःच्या नावावरच्या जाहिराती बंद केल्या. जाहिरातीवरून येणारे क्लिक अर्थातच थांबले, पण त्यांपैकी ९९.५ टक्के येणे-जाणे फुकटच्या दुव्यांवरून चालूच राहिले. ‘ईबे’ असे टाइप करणाऱ्या माणसाला ईबेवरच जायचे होते. मग त्यांनी अमेरिकेच्या काही भागांत इतर सर्वसाधारण शब्दांवरच्या जाहिरातीही बंद करून पाहिल्या. विक्रीतला फरक इतका किरकोळ निघाला की त्या खर्चाचा सरासरी परतावा उणे ठरला. मात्र ज्यांनी ईबेवर पूर्वी कधी खरेदी केली नव्हती किंवा क्वचितच केली होती, त्यांच्यावर जाहिरातीचा परिणाम दिसला.

यातून ‘शोधजाहिरात कुचकामी’ असा निष्कर्ष काढणारे लेख तुम्हाला भेटतील. तो निष्कर्ष घाईचा आहे. ईबे सगळ्यांना माहीत होते. मैलापूरचे कॉफीचे दुकान कोणाला माहीत आहे? त्याच्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक अनोळखी माणूस ‘पूर्वी कधी खरेदी न केलेला’ याच गटात मोडतो. म्हणून त्याच प्रयोगातून लहान दुकानासाठी निघणारे अनुमान दुहेरी आहे: सर्वसाधारण शब्दांवर जाहिरातीचा उपयोग होऊ शकतो, स्वतःच्या नावावर मात्र ती बहुतेक वेळा वाया जाते.

आणि नेमके हेच दोन ढीग अहवालात एकत्र मिसळलेले असतात. कॉफीवाल्याचा एक महिना पाहू. खर्च ४,००० रुपये, ऑर्डर २०. प्रत्येक ऑर्डर २०० रुपयांना पडली, मार्जिन १८०. थोडा तोटा आहे, पण पुन्हा येणाऱ्या गिऱ्हाइकांत भरून निघेल असे वाटते. आता ढीग वेगळे करा. दुकानाच्या नावावर १५० क्लिक, २ रुपये भावाने ३०० रुपये, ऑर्डर १२. उरलेले ३,७०० रुपये ‘फिल्टर कॉफी पावडर’सारख्या शब्दांवर, ऑर्डर ८. म्हणजे खऱ्या अर्थाने नवा प्रत्येक ग्राहक २०० रुपयांना पडलेला नाही, जवळपास ४६२ रुपयांना पडला आहे. चार वेळा खरेदी होणार असेल तर हेही चालेल. पण निर्णय २०० च्या आकड्यावर घेणे आणि ४६२ च्या आकड्यावर घेणे यांत दुकान तगण्या-बुडण्याचा फरक आहे. गूगलच्या ‘परफॉर्मन्स मॅक्स’सारख्या स्वयंचलित मोहिमेत सगळे शब्द आपोआप एकत्र चालतात, तेव्हा आपले नाव त्यातून वगळले आहे ना हे पाहणे हे पहिले काम.

पण आपल्या नावावर दुसऱ्याने बोली लावली तर?

आता कॉफीवाला म्हणेल, मी माझ्या नावावर जाहिरात बंद केली आणि शेजारच्याने तिथे आपली लावली तर? हा प्रश्न खरा आहे, आणि चेन्नईचा खटला याच प्रश्नाचा.

‘भारत मॅट्रिमोनी’ हे विवाहजुळणीचे संकेतस्थळ चालवणारी कंपनी चेन्नईची. तेव्हा तिचे नाव कॉन्सिम इन्फो होते, पुढे मॅट्रिमोनी डॉट कॉम झाले. तमिळ मॅट्रिमोनी, तेलुगू मॅट्रिमोनी अशी भाषावार संकेतस्थळेही तिचीच, मराठी मॅट्रिमोनीही. २००९ मध्ये तिने गूगल आणि तीन प्रतिस्पर्धी यांच्याविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयात दावा लावला. प्रतिस्पर्धी म्हणजे शादी डॉट कॉम, जीवनसाथी डॉट कॉम आणि सिम्प्ली मॅरी यांच्या मागच्या कंपन्या. तक्रार अशी की आमच्या नोंदणीकृत नावांचा शोध घेतला की यांच्या जाहिराती झळकतात, आणि आमच्या नावातले शब्द त्यांच्या जाहिरातींच्या मजकुरातही येतात.

आपले सूत्र इथे लावून पाहा, म्हणजे भांडण इतके तीव्र का होते ते कळेल. विवाहस्थळाचे सदस्यत्व विकायला माल नाही, कुरिअर नाही; आलेल्या शुल्कातला मोठा भाग मार्जिनच. त्यामुळे परवडणारा क्लिक महाग. आणि प्रतिस्पर्ध्याचे नाव शोधणारा माणूस म्हणजे लग्नासाठी पैसे मोजायला निघालेलाच माणूस. असा क्लिक सर्वांनाच हवा असतो.

३० सप्टेंबर २०१० रोजी न्यायमूर्ती व्ही. रामसुब्रमणियन यांनी अंतरिम मनाई देण्यास नकार दिला. कारण समजून घेण्यासारखे आहे. ‘भारत’, ‘तमिळ’, ‘मॅट्रिमोनी’ हे रोजच्या वापरातले वर्णनात्मक शब्द. तमिळ स्थळे दाखवणाऱ्या प्रत्येकाला ‘तमिळ’ आणि ‘मॅट्रिमोनी’ हे शब्द वापरावेच लागणार. ते एकाच्या नावावर बांधून दिले तर बाकीच्यांनी आपला व्यवसाय सांगायचा तरी कसा? हा आदेश अंतरिम टप्प्यावरचा होता, अंतिम निवाडा नव्हे. पण त्यातला युक्तिवाद पुढच्या प्रत्येक चर्चेत येतो.

कंपनी २०१२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडेही गेली. जयपूरच्या ‘कट्स’ या ग्राहक संस्थेची तक्रारही सोबत होती. ८ फेब्रुवारी २०१८ च्या बहुमताच्या आदेशाने आयोगाने गूगलला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड केला. बातम्यांत दंडाचा आकडा गाजला. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग दंडाबाहेरचा आहे: दंड शोधनिकालांतल्या मांडणीच्या आणि काही करारांच्या मुद्द्यांवर होता. अ‍ॅडवर्ड्सच्या पद्धतीत मात्र आयोगाला कायद्याचा भंग आढळला नाही.

दिल्ली उच्च न्यायालयाने हा धागा पुढे नेला. ‘अग्रवाल पॅकर्स अँड मूव्हर्स’ या नावावरून उद्भवलेल्या वादात १० ऑगस्ट २०२३ रोजी खंडपीठाने म्हटले की दुसऱ्याचे नाव कीवर्ड म्हणून वापरणे हा त्या नावाचा वापरच आहे आणि गूगल त्यात नुसता त्रयस्थ नाही. पण ग्राहकाचा गोंधळ होत नसेल, तर केवळ कीवर्ड म्हणून वापरले एवढ्याने व्यापारचिन्हाचा भंग होत नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मेकमायट्रिप विरुद्ध बुकिंग डॉट कॉम प्रकरणातही निकाल याच दिशेने गेला.

कॉफीवाल्याने यातून काय घ्यायचे? शेजारी त्याच्या नावावर बोली लावू शकतो. जाहिरातीच्या मजकुरात ते नाव वापरून लोकांना फसवले तर दाद मागता येते, आणि नाव नोंदणीकृत असेल तर मजकुराबद्दल गूगलकडे विनाशुल्क तक्रार करता येते. कीवर्ड म्हणून नाव वापरण्यावर गूगल बंधन घालत नाही. म्हणून नाव निवडण्याचा प्रश्न जाहिरातीच्या खर्चाशी येऊन भिडतो. गावाचे नाव अधिक वस्तूचे नाव, असे दुकानाचे नाव शोधात सापडायला सोपे असते, पण राखायला अवघड. इतकी मोठी कंपनी ‘तमिळ मॅट्रिमोनी’ राखू शकली नाही तिथे ‘मैलापूर कॉफी’ कोण राखणार? वेगळा, घडवलेला शब्द असेल तर व्यापारचिन्हाची नोंदणी सोपी जाते. व्यक्ती किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाचे शुल्क एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे, म्हणजे वरच्या उदाहरणातल्या महिन्याभराच्या जाहिरातीइतकेच.

स्वतःच्या नावावर जाहिरात ठेवायची की नाही याचे उत्तर त्यामुळे परिस्थितीवर आहे. बिंग या शोधयंत्रावरच्या माहितीवर सिमोनोव, नॉस्को आणि राव यांनी केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये आला. प्रतिस्पर्धी हजर नसेल तर स्वतःच्या नावावरच्या जाहिरातीने पडणारा फरक अगदी थोडा. प्रतिस्पर्ध्यांच्या जाहिराती तिथे असतील तर मात्र ते लक्षणीय क्लिक पळवू शकतात. तेव्हा आधी आपले नाव शोधून बघावे. वर कोणीच नसेल तर पैसे घालू नयेत. कोणी बसले असेल तर अगदी कमी बोलीची जाहिरात ठेवावी. आपल्याच नावावर आपली गुणवत्ता जास्त असल्याने ती स्वस्तात मिळते. याला मी जाहिरात म्हणणार नाही, ही राखणदारी आहे. ती जाहिरातीच्या यशात मोजू नये.

थोड्या पैशात प्रयोग

समजा कॉफीवाल्याने १,६०० रुपये बाजूला काढले आणि ८ रुपये भावाने २०० क्लिक घेतले. ऑर्डर आल्या ४. खरेदीचे प्रमाण २ टक्के निघाले असे तो म्हणेल. संख्याशास्त्र शिकलेल्यांनी इथे थांबावे. चार ही संख्या फार लहान आहे. पॉयसाँ वितरणाने ९५ टक्के विश्वासांतर काढले तर खरी अपेक्षित संख्या साधारण १ ते १० यांमध्ये कुठेही असू शकते. म्हणजे प्रमाण अर्धा टक्का असेल किंवा पाच टक्के. अर्धा टक्का असेल तर चार वेळा खरेदी धरूनही परवडणारा क्लिक ३.६० रुपयांचा, पाच टक्के असेल तर ३६ रुपयांचा. म्हणजे ८ रुपयांचा क्लिक घ्यावा की नाही, याचे उत्तर या प्रयोगातून मिळालेच नाही.

ही लहान व्यवसायाची खरी अडचण आहे, आणि तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. मोठ्या कंपनीला एका दिवसात जितके क्लिक मिळतात तितके याला वर्षभरात मिळत नाहीत. त्यामुळे जाहिरात चालते की नाही हे कळण्याआधीच त्याचे पैसे संपतात. मोठ्या मोहिमांतसुद्धा परतावा मोजणे किती अवघड असते, हे लुइस आणि राव यांनी २०१५ च्या एका प्रसिद्ध शोधनिबंधात दाखवले आहे. लहान दुकानाने तर शिकण्याचा खर्च वेगळा धरलाच पाहिजे, आणि तो बुडाला तरी दुकान चालेल एवढाच असला पाहिजे.

तो खर्च कमी करण्याचा मार्ग म्हणजे शब्द थोडे आणि नेमके ठेवणे. नुसते ‘कॉफी’ शोधणारा माणूस कॉफीचे फायदे वाचत असेल, जवळचा कॅफे शोधत असेल किंवा सिनेमाचे नाव आठवत असेल. ‘चिकोरी नसलेली फिल्टर कॉफी पावडर ५०० ग्रॅम’ शोधणारा विकत घ्यायलाच आला आहे. असे शोध थोडे असतात, पण त्यांतल्या प्रत्येक क्लिकचे वजन जास्त. सोबत नकोशा शब्दांची यादी द्यावी: ‘नोकरी’, ‘रेसिपी’, ‘फुकट’, ‘घाऊक भाव’. हे शब्द असलेल्या शोधात जाहिरात दिसत नाही. शोधशब्दांचा अहवाल दर आठवड्याला वाचावा, मात्र फार थोड्या वेळा शोधले गेलेले शब्द गूगल २०२० पासून त्यात दाखवत नाही हे माहीत असू द्यावे.

एक सेटिंग विशेष तपासा. ठिकाण ‘चेन्नई’ निवडले तरी मूळ निवड ‘तिथे असलेले किंवा त्या ठिकाणात रस दाखवणारे’ अशी असते. म्हणजे दुबईत बसून चेन्नईबद्दल शोधणाऱ्यालाही जाहिरात दिसू शकते. फक्त शहरात घरपोच देणाऱ्या दुकानाचे पैसे असे सहज गळतात. दिवसाच्या बजेटचेही तसेच: एखाद्या दिवशी खर्च ठरवलेल्या रकमेच्या दुपटीपर्यंत जाऊ शकतो, महिन्याची मर्यादा मात्र दिवसाच्या रकमेच्या ३०.४ पट धरली जाते. पहिल्याच दिवशी दुप्पट पैसे गेलेले पाहून घाबरून मोहीम बंद करणारे पुष्कळ असतात.

आणि जो माल कोणी शोधतच नाही, त्याच्यासाठी शोधजाहिरात नाही. ती असलेली मागणी पकडते, मागणी तयार करत नाही. नवीनच पदार्थ किंवा अनोखी हस्तकला विकायची असेल तर लोकांना ती आधी दिसावी लागते. ते काम छायाचित्रांचे, चित्रफितींचे, प्रदर्शनातल्या टेबलाचे.

जाहिरातीने आणलेल्या ग्राहकाला दुसऱ्यांदा विकत घ्यावे लागू नये, याची सोय पहिल्याच पार्सलात करता येते: डब्यावर वेबसाइटचा पत्ता, कॉफी संपत आली की त्याच्या संमतीने व्हॉट्सअ‍ॅपवर एक निरोप. क्लिकचा भाव आपल्या हातात नसतो. एका ग्राहकाचे मार्जिन चार ऑर्डरींचे की पाचांचे, हे बऱ्याच अंशी असते.

स्वाध्याय

१. एक दुकान वेबसाइटवरून साड्या विकते. एका साडीमागे मार्जिन ९०० रुपये. पैसे घरपोच घेण्याच्या पद्धतीमुळे दर १०० ऑर्डरींपैकी २० न स्वीकारता परत येतात, आणि अशा प्रत्येक ऑर्डरीवर जाण्या-येण्याच्या कुरिअरचे १५० रुपये बुडतात. भेट देणाऱ्यांपैकी १ टक्का ऑर्डर देतात. परवडणारा क्लिक किती रुपयांचा? (उत्तर : ६.९०.) दुकानाला जाहिरातीवरचा १८ टक्के जीएसटी परत मिळत नसेल, तर कर सोडून क्लिकचा भाव जास्तीत जास्त किती चालेल? (उत्तर : सुमारे ५.८५.) जाहिरातीच्या अहवालात या परत आलेल्या २० ऑर्डरी विक्री म्हणून दिसतील की नाही, याचा विचार करा.

२. तुमच्या गावातल्या, स्वतःची वेबसाइट असलेल्या एखाद्या लहान दुकानाचे नाव शोधून पाहा. वर कोणाची जाहिरात आहे? दुकानाची स्वतःची असेल, तर ती राखणदारी आहे की वाया जाणारा खर्च, हे ठरवण्यासाठी मालकाला कोणते तीन आकडे विचाराल?